पिक्चर सांगणारा डोमाजी

डोमाजीला इंग्रजी येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. ‘यस’, ‘नो’ आणि ‘थँक्यू’, एवढ्या भांडवलावर त्यानं देवळीच्या टुरिंग टॉकीजमध्ये कितीतरी वर्षं लोकांना इंग्रजी पिक्चर सांगितले. हो, सांगितले. आता कोणाला खरं वाटत नाही, पण तेव्हा पिक्चर सांगणारा माणूस असायचा, आणि आमचा डोमाजी त्यातला नावाजलेला होता. यवतमाळ रोडवरच्या खेड्यांमधून लोक बैलगाड्या जुंपून यायचे ते पिक्चर पाहायला नव्हे, डोमाजीला ऐकायला.

दिवाळी झाली, कापूस सरकी काढायला जिनात येऊ लागला, की मोतीलाल शेटजींचा तंबू बाजाराच्या मैदानावर उभा राहायचा. मी तेव्हा जिनातच कामाला होतो. अंगावरचा कापूस झटकत संध्याकाळी सरळ तंबूत जाऊन बसायचो. हिंदी पिक्चर महाग पडायचा, म्हणून शेटजी मधूनमधून अमरावतीहून एखाद्या जुन्यापुराण्या इंग्रजी पिक्चरची पेटी आणायचे. पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा. पडद्याच्या डाव्या अंगाला एक खोकं ठेवलेलं, त्यावर डोमाजी उभा, हातात माईक. पिक्चरचा आवाज बारीक करायचा आणि डोमाजीचा मोठा. पहिल्या दिवशी तोही आमच्याबरोबरच पिक्चर पाहायचा आणि अंदाजानं ठोकून द्यायचा. दुसऱ्या दिवसापासून त्याची गोष्ट पक्की व्हायची.

माणूस काडीपैलवान, तोंडावर देवीचे वण. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. दिवसा सायकलरिक्षात भोंगा बांधून गावभर पिक्चरची जाहिरात करत फिरायचा. चारचौघांत बसला तर तोंडातून शब्द निघायचा नाही. पण माईक हातात आला की काय व्हायचं कोण जाणे, तंबूतल्या हजार माणसांना हा मूठभर माणूस रडवायचा आणि हसवायचा.

त्याची एक पद्धत होती. पडद्यावरच्या गोऱ्या माणसांना तो गावातली नावं द्यायचा. पोलिसवाला दिसला की ठाणेदार. बँक म्हणजे सोसायटी. ढेरपोट्या दुकानदार आला की ‘हे आपले मोतीलाल शेटजी’, आणि शेटजी स्वतः तिकिटाच्या खिडकीतून मान काढून हसायचे. ज्याचं नाव पडद्यावर चढलं त्याला दुसऱ्या दिवशी लोक चहा पाजायला लावत. मोठी मौज वाटायची.

एकदा मात्र मौजेचा मामला जरा वाकडा गेला. एका पिक्चरमधल्या झोपाळू पहारेकऱ्याला डोमाजीनं नानाजीचं नाव दिलं. नानाजी आमच्या इथल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या खळ्यावर राखणदार होता. आठ दिवस गाव त्याला ‘झोप झाली का’ म्हणून चिडवत राहिलं. शेवटी मालकानं त्याला कामावरून कमी केलं. तो झोपत होता का नव्हता, हे कोणी विचारलंच नाही. डोमाजीला वाईट वाटलं, पण त्यानं एक गोष्ट मनात नोंदवून ठेवली: पडद्यावर नाव पडलं की माणसाचं काम जातं. पुढचं सगळं यातून निघालं.

आता दोघा भावांची गोष्ट. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि आमच्या जिल्ह्यात दारू मिळते हेही. तेव्हा बंदी लागून फार दिवस झाले नव्हते. वर्धा नदीच्या पलीकडं यवतमाळ जिल्हा, तिकडं दुकानं उघडी. अलीकडच्या काठावर एका खेड्यात ओमप्रकाश आणि चंद्रभान हे दोघे भाऊ राहत. चांगल्या खात्यापित्या शेतकरी घरातले. ट्रकच्या ट्यूबमध्ये दारू भरायची, तोंड बांधायचं, नदीत सोडायची आणि पोहत पोहत अलीकडं आणायची, हा त्यांचा धंदा. मोठा ओमप्रकाश थंड डोक्याचा, नेहमी हसतमुख. धाकटा चंद्रभान त्याची सावली.

लोकांना या दोघांचं भारी कौतुक. ओमप्रकाशनं अमक्या गरिबाच्या पोरीचं लग्न लावलं, चंद्रभाननं पुरात तमक्याची म्हैस काढली. मी इतकी वर्षं तालुक्यात काढली. त्यांनी दिलेलं एक लुगडं नेसलेली बाई किंवा त्यांनी काढलेली एक म्हैस मला दिसली नाही. पण लोकांना कोणीतरी लागतं. पोलिसांना चकवणारा असला की तो देव, मग त्याच्या दारूनं अर्धं गाव घरात बायका बडवेना का.

या भावांकडं मधुकर होता. मधुकर म्हणजे डोमाजीच्या धाकट्या बहिणीचा, पंचफुलाचा, एकुलता एक मुलगा. वीस-एकवीस वर्षांचा, उंच, लांब पायांचा. पंचफुलाचा नवरा पोरगा लहान असतानाच वारला होता आणि तिनं लोकांच्या शेतात निंदण-वेचण करून त्याला वाढवलं होतं. पोरगा पोहण्यात असा पटाईत की हात वर धरून नुसत्या पायांच्या जोरावर, भरलेली ट्यूब छातीनं ढकलत नदी पार करायचा. त्याच्या पायांची काठावर कीर्ती होती. भावांना असा माणूस लाखात एक.

आमच्याकडं मामा भाच्याच्या पाया पडतो. बाहेरच्या लोकांना याचं हसू येतं, पण आमच्याकडं भाचा म्हणजे देव. डोमाजी तर मधुकर बाजारात भेटला तरी तिथंच वाकायचा. मधुकर मुद्दाम एक पाय मागं घ्यायचा आणि म्हणायचा, ‘मामा, एकच उरला.’ मामा हसून दुसऱ्या पायाला हात लावायचा.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला पंचफुलानं डोमाजीला ओवाळलं आणि त्यानं ताटात ठेवायला काढलेलं लुगडं परत त्याच्याच मांडीवर ठेवलं.

‘‘मले लुगडं नाई पायजे, दादा. माह्या पोराले तेथून काढ. हेच माही ओवाळनी.’’

‘‘माहं ऐकते का तो?’’

‘‘तुहं सारं गाव ऐकते. एक भाचा नाई ऐकत? मामा कायले झाला मंग?’’

डोमाजी दुसऱ्याच दिवशी सायकल हाणत घाटावर गेला. मधुकर नुकताच पाण्यातून निघून अंग पुसत होता. मामाचं बोलणं ऐकून तो खदखदून हसला.

‘‘मामा, तुमी पडद्यावरचे डाकू सांगता, मी खऱ्यासंगं राह्यतो. चाला, बसा डोंग्यात, पल्याडचं दाखवतो तुमाले.’’

‘‘मामा-भाचे एका डोंग्यात बसत नाईत, बापू. चाल घरी.’’

ओमप्रकाश तिथंच खाटेवर बसला होता. तो उठून आला, डोमाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाला, ‘‘डोमाजी, भाचा तुहा सोनं हाय सोनं. त्याले नेतं कुठं? आमच्यातून मानूस आपल्या मनानं जात नसते. आमी काढलं तरच जाते.’’

डोमाजी सायकल घेऊन परत आला. पोरगा सोडत नव्हता आणि ते पोराला सोडत नव्हते. पण ‘आमी काढलं तरच जाते’ हे वाक्य त्याच्या डोक्यात रुतून बसलं.

संक्रांतीच्या आसपास तो पिक्चर आला. घोडे, बंदुका, धुळीचे लोट. दोन सख्खे भाऊ, दोघंही लुटारू, आगगाडी अडवतात, बँक फोडतात, आणि त्यांच्या मुलखातले लोक त्यांना लपवून ठेवतात. पहिल्याच दिवशी, पडद्यावर ते दोघे घोड्यांवरून टेकडी चढून आले आणि डोमाजी माईकवर ओरडला, ‘‘आले रे आले! ओमप्रकाश आन् चंद्रभान आले! लपवा ट्यूबा!’’ तंबू फुटतो की काय असं वाटलं. शिट्ट्या, टोप्या, कंदील, जे हातात होतं ते लोकांनी वर उडवलं. दुसऱ्या दिवशी तंबूला जागा पुरेना. शेटजींनी बाजूची कनात उचलून बाहेरही माणसं बसवली.

पिक्चरचा शेवट वाईट होता. भावांच्या टोळीत एक नवा पोरगा येतो. मोठा भाऊ त्याला घरात घेतो, आपल्या ताटात जेवू घालतो. तो पोरगा बक्षिसाच्या लोभानं चोरून ठाणेदाराला भेटतो, आणि मोठा भाऊ पाठमोरा उभा राहून भिंतीवरच्या घड्याळाला चावी देत असताना त्याच्या पाठीत गोळी घालतो. या पोराला डोमाजीनं पहिले दोन-तीन दिवस काही नाव दिलं नव्हतं. ‘हा हरामखोर’ एवढंच म्हणायचा. लोक ओरडायचे, ‘‘नाव सांग, डोमाजी, नाव सांग!’’ तो सांगायचा नाही.

मग निरोप आला, की शुक्रवारच्या बाजाराला दोघे भाऊ स्वतः पिक्चर पाहायला येणार. आपलं नाव पडद्यावर चढलं म्हणून ओमप्रकाश खूश होता. शेटजींनी हार सांगून ठेवले. डोमाजी त्या दिवशी दुपारी पंचफुलाच्या घरी गेला. तिथं काय बोलणं झालं ते मला पंचफुलानंच पुढं सांगितलं.

‘‘त्या हरामखोराले मधुकरचं नाव देतो,’’ डोमाजी म्हणाला. ‘‘त्यायच्यासमोर. साऱ्या पब्लिकसमोर. मंग त्याच्यावर भरोसा राह्यते का त्यायचा? नानाजीचं का झालं, पाह्यलं ना तुनं? तसंच हाकलतीन त्याले.’’

पंचफुलानं विचारलं, ‘‘मारतीन का?’’

‘‘चार थापडा मारतीन.’’

‘‘थापडाच ना, दादा?’’

‘‘थापडाच.’’

‘‘मंग सांग,’’ ती म्हणाली.

यात मूर्खपणा किती आणि माया किती हे मी आजवर तोलत आलो आहे, आणि मला त्या माणसाचा रागच येतो. अरे, खळ्याचा मालक वेगळा आणि दारूवाले वेगळे. पण डोमाजीच्या हातात एक माईक होता. ज्याच्या हातात हातोडी त्याला सगळीकडं खिळेच दिसतात. आणि एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, ती गावात कोणालाच ठाऊक नव्हती. आठवडाभर आधी पोलिसांनी भावांचा मोठा माल घाटावर धरला होता. एवढ्या नामी माणसांचा माल धरला गेला म्हटल्यावर नाव जाईल, म्हणून भावांनी ते दाबून ठेवलं होतं. आतल्या आत मात्र ते शोधत होते की चुगली कोणी केली.

शुक्रवारी संध्याकाळी तंबू गच्च भरला. पुढं दोन खुर्च्यांवर दोघे भाऊ, गळ्यात झेंडूचे हार. त्यांच्या पायाशी जमिनीवर त्यांची माणसं, त्यांतच मधुकर. मी खांबाला टेकून उभा होतो, मला सगळं दिसत होतं.

पिक्चर सुरू झाला. डोमाजी त्या दिवशी असा बोलला की तसा तो पुन्हा कधी बोलला नाही. आगगाडी लुटली तेव्हा म्हणाला, ‘‘पुलगावची गाडी अडवली रे!’’ ओमप्रकाश मांडीवर थाप मारून हसला. मग तो नवा पोरगा दारातून आत आला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. माईकमधून डोमाजीचा श्वास ऐकू आला.

‘‘आन् हा कोन आला? पाहा पाहा, चांगला उंच, लांब पायाचा. हा तर मधुकर! आपल्या पंचफुलाचा मधुकर!’’

लोक हसले. आणि सगळ्यांत जास्त कोण खूश झालं? मधुकर. तो उडी मारून उभा राहिला, दोन बोटं तोंडात घालून त्यानं कचकचीत शिट्टी मारली आणि मागं वळून पब्लिकला हात जोडले. पिक्चर त्यानं आधी पाहिला नव्हता, त्याला एवढंच कळलं की मामानं आपल्याला पिक्चरमध्ये घेतलं! पडद्यावरचा पोरगा मोठ्या भावाच्या ताटात जेवायला बसला तेव्हा मधुकरनं ओमप्रकाशकडं पाहून म्हटलं, ‘‘भाऊ, पाहा, आपन जेवून राह्यलो.’’ ओमप्रकाशनं त्याच्या डोक्यावर टपली मारली. इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. डोमाजी इथून पुढं त्या पोराला दुसरं नाव देऊ शकला असता, लोकांना कळलंही नसतं.

त्यानं दिलं नाही. ‘‘जेवला मधुकर,’’ तो म्हणाला, ‘‘हात धुतला, आन् निंगाला कुठं? ठानेदाराकडं! का सांगते त्याले? सारं सांगते. माल कुठं, मानसं कुठं, सारं!’’

तंबू हळूहळू गप्प झाला. मधुकर अजून हसत होता, पण त्याचं हसू तोंडावर तसंच चिकटून राहिलं होतं. त्यानं एकदा मामाकडं पाहिलं. मामा पडद्याकडं पाहत होता. घड्याळाला चावी देणाऱ्या माणसाच्या पाठीत गोळी बसली आणि डोमाजी सगळा जीव एकवटून ओरडला, ‘‘मधुकरनं गोळी घातली! मीठ खाल्लेल्या घरात मधुकरनं गोळी घातली!’’

दिवे लागले. ओमप्रकाश उठला, गळ्यातला हार काढून त्यानं खुर्चीवर ठेवला आणि मधुकरच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, ‘‘चाल, बेटा.’’ आवाज इतका मऊ की डोमाजीला वाटलं, काम फत्ते झालं. खोक्यावरून उतरताना तो मला म्हणाला, ‘‘उद्या घरी येते पाह्यजो माहा भाचा.’’ त्याचा चेहरा मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगल्या लख्ख उन्हात, बाया कपडे धूत होत्या त्याच घाटावर, भावांनी मधुकरला खडकावर आडवा पाडला. दोघांनी खांदे धरले, दोघांनी गुडघे. चंद्रभाननं लोहाराकडून घण आणला होता. ओमप्रकाशनं विचारलं, ‘‘ठानेदाराले का सांगतलं?’’ मधुकर म्हणाला, ‘‘मी नाई गेलतो, भाऊ, मामानं गंमत केली.’’ ओमप्रकाश म्हणाला, ‘‘मामा भाच्याची अशी गंमत करत नसते. मामाले मालूम असन तवाच बोलला.’’ हे त्याचं म्हणणं, आणि आमच्या रीतीनं पाहिलं तर बरोबरच होतं. ज्या मुलखात मामा भाच्याच्या पाया पडतो, तिथं मामानं भर तंबूत भाच्याला हरामखोर म्हटलं, तर खरं नाही असं कोण म्हणेल? मग घण पडला. आधी उजव्या पावलावर, मग डाव्या, आणि पावलं पावलांसारखी दिसेनाशी होईपर्यंत तो पडत राहिला. बायांनी कपड्यांची बोचकी उचलली आणि खाली मान घालून त्या घरी गेल्या. एकीनंही तोंड उघडलं नाही.

त्याला बैलगाडीत घालून त्यांनी पंचफुलाच्या दारात पाठवलं. गाडीवानाबरोबर निरोप होता: ‘‘मामाले सांगजो, पिक्चरमधी मधुकरनं गोळी घातली. आमी नाई घातली.’’

पुढं तीन-चार दिवस बाजारात काय चर्चा होती ठाऊक आहे? की भाऊ मोठ्या दिलाचे. मारूनच टाकलं असतं, पण विधवा आईकडं पाहून जीव सोडला. असं म्हणणाऱ्यांची तोंडं मला आजही आठवतात. त्यातले पुष्कळ वारले. मी एकाच्याही मातीला गेलो नाही.

वर्ध्याच्या दवाखान्यात मधुकरचे दोन्ही पाय घोट्याच्या वरून काढले. काय झालं म्हणून विचारलं तेव्हा त्यानंच सांगितलं, गाडीच्या चाकाखाली आले. आईनं तसं शिकवलं होतं, कारण भाऊ जिवंत होते आणि घर काठापासून लांब नव्हतं. डोमाजी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होता. पंचफुला खोलीतून बाहेर आली. ती रडली नाही, ओरडलीही नाही.

‘‘निंगला, दादा,’’ ती म्हणाली. ‘‘निंगला तो त्या धंद्यातून. देल्ली तुनं ओवाळनी.’’

डोमाजी देवळीला परत आला तेव्हा पिक्चर अजून सुरूच होता. शेटजींनी मुक्काम वाढवून घेतला होता, कारण आता लांबलांबहून लोक तो पोरगा पाहायला येत होते. डोमाजी म्हणाला, मी सांगत नाही. शेटजी म्हणाले, ‘‘तू नको सांगू त्याचं नाव. बाकी तर सांग. एवढी पब्लिक आली, तिले वापस कशी पाठवू?’’ डोमाजी खोक्यावर चढला. आगगाडी झाली, बँक झाली. तो पोरगा टोपी हातात घेऊन दारात आला. डोमाजीनं माईक तोंडापासून दूर धरला.

तंबूतून आवाज आला, ‘‘मधुकर!’’

मग दुसरा, मग बायांच्या कनातीतूनही, आणि मग सगळा तंबू एका सुरात, टाळ्या वाजवत: मधुकर! मधुकर! डोमाजी खोक्यावरून उतरला, माईक जमिनीवर ठेवला आणि मैदान ओलांडून निघून गेला. माईक सुरूच होता, त्यामुळं त्याच्या चपलांचा आवाज थोडा वेळ भोंग्यातून ऐकू आला. त्यानंतर त्यानं जन्मात माईक धरला नाही.

भावांचं काही वाकडं झालं नाही. देव बघतो वगैरे म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. ओमप्रकाश बऱ्याच वर्षांनी आपल्या घरी, आपल्या खाटेवर मेला, आणि त्याच्या मातीला इतके लोक होते की नदीचा काठ दिसत नव्हता. चंद्रभान गावचा सरपंच झाला. आणि त्या दिवशी घाटावरचा माल धरून दिला कोणी? कोणीच नाही. प्रभाकरराव नावाचे एक शिपाई होते, ते निवृत्त झाल्यावर मला बसस्टँडवर भेटले आणि चहा पिता पिता सहज बोलून गेले. जीप तापली म्हणून ते डबा घेऊन नदीवर पाणी आणायला उतरले, आणि गवतात लपवलेल्या ट्यूबवर त्यांचा पाय पडला. एवढंच. मी ते जाऊन डोमाजीला सांगितलं. काही जण म्हणाले, सांगायला नको होतं. का नको? सगळ्यांनी सगळं भोगायचं आणि त्यानं फक्त अर्धंच?

तो तेव्हा मधुकरच्या दुकानावर होता. मधुकरनं यवतमाळ रोडवर सायकल पंक्चरचं दुकान टाकलं होतं. चाकं लावलेल्या फळीवर बसून तो ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायचा, बुडबुडे कुठून येतात ते पाहायचा आणि ठिगळ लावायचा. हवा भरायला उभं राहावं लागतं, ते काम डोमाजीचं. सकाळी यायचा, दिवसभर पंप मारायचा, संध्याकाळी भाच्याला फळीसकट घरी ढकलत न्यायचा. भाचा त्याच्याशी कामापुरतं बोलायचा. माझं ऐकून डोमाजी म्हणाला, ‘‘जीप तापली होती का?’’ आणि पंप मारत राहिला.

शेवटची गोष्ट भाऊबीजेची. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असावं. देवळीत व्हिडिओ आला होता, तंबू केव्हाच गुंडाळला गेला होता, आणि लोक एका खोलीत कोंडून घेऊन पिक्चर पाहत होते. डोमाजीनं मला बरोबर नेलं होतं. एकट्यानं त्या घरात जायला तो घाबरायचा. पंचफुला दर वर्षी त्याला ओवाळायची, रीत म्हणून, एक शब्द न बोलता. ओवाळून झालं की डोमाजी मधुकरच्या पाया पडायला पुढं व्हायचा, तीही रीतच. पाय नव्हते, म्हणून तो फळीच्या पुढं जमिनीवर, जिथं पाय असते तिथं, डोकं टेकायचा. मधुकर दर वर्षी दुसरीकडं पाहायचा.

त्या वर्षी त्यानं पाहिलं.

‘‘मामा, एक विचारू?’’

इतक्या वर्षांत भाच्यानं आपणहून काही विचारलं म्हणून डोमाजीचा चेहरा उजळला. ‘‘विचार ना, बापू.’’

‘‘त्या पिक्चरमधी, ज्यानं गोळी घातली, त्या गोऱ्याचं खरं नाव का होतं?’’

तो पिक्चर डोमाजीनं किती वेळा पाहिला होता. ते नाव पडद्यावर कितीदा घेतलं गेलं असेल, मोठ्या भावानं घेतलं असेल, ठाणेदारानं घेतलं असेल.

‘‘मले नाई मालूम,’’ तो म्हणाला. ‘‘इंग्रजीत होतं, बापू. मले कुठं येते इंग्रजी.’’

‘‘माहं मात्र बरं आठवलं तुमाले,’’ मधुकर म्हणाला.

आतून पंचफुलानं हाक मारली, ताटं वाढली आहेत म्हणून. मी उठलो. मधुकरनं हातांनी जमीन रेटत फळी स्वयंपाकघराकडं वळवली आणि तो गेला. डोमाजीनं रिकाम्या जमिनीवर पुन्हा डोकं टेकलं आणि तो तसाच राहिला, आणि पंचफुलानं त्याला पुन्हा हाक मारली नाही.